कौलं परतायला माणूस मिळेल का?

एप्रिल अर्धा सरला की बेळगावात दोन चौकश्या सुरू होतात. पहिली, यंदा हापूसची पेटी कितीला पडते? दुसरी, कौलं परतायला माणूस मिळेल का? पहिलीचं उत्तर बाजारात पाच मिनिटांत मिळतं. दुसरीचं उत्तर मिळेपर्यंत कधीकधी मृग उजाडतो.

फ्लॅटमध्ये वाढलेल्या आपल्या पिढीला हा प्रश्न जरा लांबचा वाटेल. आपल्यासाठी छप्पर म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांची फरशी. गळती झालीच तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकायचा आणि सेक्रेटरीने बघायचं. पण शहापूर, वडगाव, अनंतशयन गल्ली किंवा टिळकवाडीच्या जुन्या भागात ज्यांचं घर अजून कौलारू आहे, त्यांना दरवर्षी निदान एकदा मान वर करून बघावंच लागतं. मी नोकरीमुळे बंगळुरात असतो. शहापुरातलं आमचं घर चार भावांचं. तीन भावांची मुलं पुणे, बडोदा, बंगळूर अशी पांगली आहेत. घरात राहतात त्या एकट्या मोठ्या काकू. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात छपराचं काम निघालं तेव्हा दोन आठवड्यांची सुट्टी टाकून मी गेलो, आणि त्या निमित्ताने आपल्याच मुलखाची छपरं बघत खानापूर, जांबोटी करत थेट गोव्यात उतरलो. हा लेख त्या फिरण्याचा आहे.

पावसाच्या वाटेवरचं गाव

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला सह्याद्रीची धार. गोव्याकडून चढून आलेला पाऊस कणकुंबी-जांबोटीच्या रानात बराचसा ओततो आणि उरलेला आमच्याकडे येतो. हा ‘उरलेला’सुद्धा थोडा नसतो. जुलैमध्ये आठ-आठ दिवस झड लागते, कपडे वाळत नाहीत आणि भिंतींना ओल चढते. मोठे थेंब तासाभरात पडून गेले तर छप्पर ते सहज झेलतं. त्याची खरी परीक्षा घेते ती वाऱ्याबरोबर तिरकी येणारी, दिवसभर चालणारी ही बारीक झड.

आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि परसात विहीर. रुंदी कमी, लांबी जास्त. मधलं आढं उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती पाखी. भिंत सामाईक असल्यामुळे शेजाऱ्याचं छप्पर बिघडलं की ओल आपल्याही भिंतीत येते. म्हणून पूर्वी चार-पाच घरं मिळून एकच मिस्त्री ठरवत. एका टोकाने सुरुवात करून तो आठवड्याभरात दुसऱ्या टोकाला बाहेर पडे. आता मधल्या दोन घरांवर स्लॅब आला, एकावर निळे पत्रे आले आणि ती साखळी तुटली.

माजघरात आडवं पडून वाचायचा इतिहास

कौल उलटं करून पाहिलंत तर मागच्या बाजूला कारखान्याचं नाव आणि गाव उठवलेलं दिसेल. आमच्या माजघरात दुपारी आडवं पडलं की वाशांच्या मधून ही अक्षरं वाचता येतात. लहानपणी मी त्यावरच इंग्रजी वाचायला शिकलो, असं काकू सगळ्यांना सांगतात.

ज्यांना आपण मंगळुरी कौलं म्हणतो त्यांची सुरुवात 1865 सालची. मंगळुरातल्या बासेल मिशनने नेत्रावती नदीकाठी जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला. त्यामागे गेओर्ग प्लेब्स्ट नावाचा जर्मन मिशनरी होता. एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलाची कल्पना त्याआधीची, फ्रान्समधल्या जिलार्दोनी बंधूंची, 1841 मधली. नेत्रावतीकाठची चिकणमाती त्या नमुन्याला बरोबर मानवली. पुढे 1868 मध्ये आल्बुकर्क यांचा कारखाना उभा राहिला आणि मग पश्चिम किनाऱ्यावर कौलांचा मोठा धंदाच झाला.

त्याआधी आपल्याकडे होती ती कुंभाराच्या चाकावरची नळीची कौलं, अर्धगोल, एक पालथं एक उताणं. ती सुटी असत. वाऱ्याने, मांजरांच्या पळापळीने सरकत. म्हणून दर उन्हाळ्यात ती सगळी उतरवून, झाडून, पुन्हा रचावी लागत. त्यालाच घर शाकारणं म्हणत. मंगळुरी कौलाला खाचा असतात, त्यामुळे ते शेजारच्या कौलाला धरून बसतं. दरवर्षीची शाकारणी गेली, पण दर दोन-चार वर्षांनी कौलं परतायचं काम राहिलंच: फुटलेली काढायची, सरकलेली बसवायची, खाचांत साचलेला पालापाचोळा आणि शेवाळ काढायचं. आढ्यावरचे कोने चुन्यात किंवा सिमेंटात बसवलेले असतात, त्यांच्या भेगा भरायच्या.

आकडे आवडणाऱ्यांसाठी: एक कौल साधारण 41 सेंटिमीटर लांब आणि साडेतेवीस सेंटिमीटर रुंद, वजन अडीच किलोच्या आसपास. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं लागतात. म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपरावर दीड हजार कौलं, पावणेचार टनांचं ओझं. पावसात भिजलं की आणखी जास्त. हे सगळं खिळ्याशिवाय, नुसत्या उतारावर, लाकडी रिपांना टेकून बसलेलं असतं. म्हणून कौलांचं काम हे अर्धं लाकडाचं काम आहे, आणि माणूस ठरवताना बहुतेक घरं हीच गोष्ट विसरतात.

तीन माणसं, तीन भाव

आमच्याकडे तिघे जण येऊन बघून गेले.

पहिले ठेकेदार अंगणात उभे राहिले, मान वर केली, मोबाइलवर काहीतरी गुणाकार केला आणि ‘लमसम’ आकडा सांगितला. वर चढलेच नाहीत. कुठली कौलं, किती, लाकूड बदलायचं का, असं विचारलं तर म्हणाले, “ते सगळं त्यात आलं की ओ.” सगळं आलं म्हणजे नेमकं काय आलं, हे कागदावर लिहून मागितल्यावर त्यांचा फोन लागेनासा झाला.

दुसरे पत्र्यांचे. बोलायला तरबेज. रंगाचं कार्ड घेऊन आले, कौलासारखा दिसणारा पत्राही दाखवला. तीन दिवसांत काम, पुढची कित्येक वर्षं बघायला नको, माकडांचा त्रास नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं. काकूंनी त्यांना चहा दिला आणि एवढंच विचारलं, “पावसात फोनवर बोलता येतंय काय हो याच्याखाली?” ते प्रामाणिक होते, हसले. पत्र्याखाली पावसाचा आवाज आणि मे महिन्यातली उष्णता यांवर उपाय आहेत, पण त्यासाठी खाली वेगळं सिलिंग करावं लागतं आणि तो खर्च त्यांच्या पहिल्या आकड्यात नव्हता.

तिसरे आले ते खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले मिस्त्री, सत्तरीच्या घरातले, बरोबर एक विशीतला मुलगा. आल्याबरोबर त्यांनी भर दुपारी माजघराचं दार-खिडक्या लावायला सांगितल्या. अंधार झाल्यावर वरून कवडसे दिसायला लागले, आणि मुलाने खडूने खालच्या फरशीवर प्रत्येक कवडशाची खूण केली. मग म्हणाले, “पाणी कुठनं येऊलाय ते आधी बघूया, पैशाचं मागनं.”

माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरमधले दोष शोधण्याचा आहे. दोष जिथे दिसतो तिथे तो क्वचितच असतो. गळतीचंही तसंच निघालं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठिबकणारं पाणी वरच्या कौलातून येत नव्हतंच. माजघराचं आणि मागच्या खोलीचं पाखं जिथे मिळतं तिथली पत्र्याची पन्हळ गंजून भोक पडलं होतं. तिथून शिरलेलं पाणी वाशाच्या खालच्या अंगाने आठ फूट ओघळत येऊन कोपऱ्यात पडत होतं. आधीच्या वर्षी त्या कोपऱ्यावरची कौलं बदलून गेलेल्या माणसाने पैसे घेतले आणि गळती तशीच राहिली, त्याचं कारण हे.

मग मिस्त्रींनी सुळक्याने वाशांची टोकं टोचून पाहिली. भिंतीत शिरलेली दोन टोकं भुसभुशीत झाली होती, एकात वाळवी. बाकीचं सागवान ठणठणीत. कौलं मोजली. फुटकी, बदलायची, ठेवायची असे तीन आकडे मुलाने वहीत लिहिले. लाकूड, कौलं, पन्हळ, मजुरी असं वेगवेगळं एस्टिमेट मिळालं, तेही वहीचं पान फाडून.

पलीकडच्या गल्लीतल्या एका कुटुंबाचं मात्र वाईट झालं. त्यांच्या ठेकेदाराने निम्म्याहून जास्त रक्कम आधी घेतली, मेच्या मध्यावर सगळं छप्पर एकदम उघडलं आणि दुसरीकडचं काम आलं म्हणून माणसं तिकडे नेली. चौथ्या दिवशी वळीव आला. ताडपत्री होती, पण वाऱ्यापुढे ती काय टिकणार? गाद्या, पुस्तकं, देवघरातल्या तसबिरी, सगळं भिजलं. त्या घरातल्या आजोबांना पंधरा दिवस लेकीकडे राहावं लागलं. त्यांच्या सुनेचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं: “पैसे गेल्याचं काही नाही ओ, पण आजोबांना वाटलं घरच गेलं.”

खानापूर: माती, भट्टी आणि न जुळणारी खाच

आमच्या छपरावर तीन वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं निघाली. दिसायला एकसारखी, पण खाचेचं माप केसभर वेगळं. अशी मिसळ केली की जोडावर फट राहते आणि तिरक्या झडीचं पाणी तिथूनच आत येतं. मिस्त्रींचा उपाय साधा: छापाप्रमाणे कौलं वेगळी करायची, पुढच्या पाख्यावर सगळी एका छापाची, मागच्या पाख्यावर दुसऱ्या. कमी पडतील ती जुन्या बाजारातून त्याच छापाची शोधायची.

त्यासाठी खानापूरला गेलो. बेळगावहून पंचवीस-सव्वीस किलोमीटर, मलप्रभेच्या काठावर. इथली माती कुंभारकामाला नावाजलेली. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी संस्थाही याच गावात आहे. आपल्या घरातला माठ बहुधा खानापूरचा असतो, आणि कौलंही इथे निघत आली आहेत. चांगलं कौल कसं ओळखायचं ते मिस्त्रींनी तिथे दाखवलं. बोटाच्या पेराने टकटक करायची. नीट भाजलेलं असेल तर खणखणीत आवाज येतो. कच्चं किंवा तडकलेलं असेल तर बद्द. मग त्यावर थोडं पाणी ओतून ते किती पटकन पितं ते पाहायचं. नवं कौल काही काळ पाणी पितंच, पण खालून थेंब लोंबायला लागला तर ते ठेवून द्यायचं.

जुनी कौलं विकणाऱ्याकडे वाडे पाडून आलेल्या कौलांच्या थप्प्या होत्या. त्यातली बरीचशी हल्ली हॉटेलं आणि फार्महाऊसवाले शोभेसाठी नेतात, असं तो म्हणाला. एका घराची कौलं उतरतात ती दुसऱ्याच्या हौसेसाठी. आम्ही आमच्या छापाची दोनशे दहा वेचली, प्रत्येक वाजवून.

चोर्ल्याच्या पलीकडे

सामान पोचायला दोन दिवस होते, म्हणून जांबोटीमार्गे साखळीला आत्याकडे गेलो. जांबोटी सोडली की घरांची छपरं बदलायला लागतात. उतार जास्त उभा, वळचणी लांब, भिंती बुटक्या. पाऊस जितका जास्त तितकं छप्पर खाली ओढलेलं, जणू डोक्यावर घेतलेली इरली. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. तिथल्या देवळाच्या आसपास चहा घेताना दुकानदाराने घराकडे बोट केलं. कौलं काढून पत्रे घातले होते. कारण विचारलं तर एका शब्दात उत्तर आलं: “वानरं.” एक टोळी आली की सकाळी पंचवीस कौलं जातात. गावात परतणारा माणूस उरलेला नाही, तरुण मुलं गोव्यात आणि बेळगावात कामाला. मग पत्र्याशिवाय करायचं काय? शहरात बसून ‘परंपरा जपा’ म्हणणं सोपं आहे, हे मला तिथे पटलं.

चोर्ला घाट उतरून केरीकडे आलो की हवा जड होते आणि कौलाला ‘नळे’ म्हणायला लागतात. आमच्या कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांचा ‘हंचु’, आमचं कौल, आत्याचे नळे: सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरच्या आत एका वस्तूची तीन नावं. आत्याच्या घरी वेगळीच तोड होती. जुनी कौलं तशीच ठेवून, वर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर पत्र्याचं दुसरं छप्पर. पाऊस आणि नारळ पत्रा झेलतो, घर कौलांखाली थंड राहतं. दिसायला ते काही सुंदर नाही. पण आत्याच्या मते, घर बघणाऱ्यापेक्षा घरात राहणाऱ्यासाठी असतं. मात्र त्यांनीही एक इशारा दिला: सांगाड्याचे खांब जुन्या भिंतीवर टेकवले तर भिंत बसते, वेगळा पाया घ्यायला लावावा, आणि जोडकाम करणाऱ्याला हे आधी विचारावं.

घरचा कौल

परत आल्यावर कुटुंबाच्या ग्रुपवर मतदान झालं. स्लॅब, पत्रे की कौलं? बडोद्याच्या चुलतभावाचं म्हणणं, पुढे कोण राहणार आहे, स्वस्तात पत्रे घाला. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. स्लॅबसाठी जुन्या मातीच्या भिंती पुरेशा नव्हत्या, म्हणजे घर पाडूनच बांधावं लागलं असतं. शेवटी काकूंनी एक व्हॉइस मेसेज पाठवला: “मी आहे तोवर कौलं राहू देत. मग तुमचं तुम्ही बघा.” त्यावर कुणी काही बोललं नाही. चौघांनी समान वर्गणी काढली, पत्र्यांचा आग्रह धरणाऱ्याने सगळ्यात आधी पाठवली.

काम नऊ दिवस चाललं. एकावेळी निम्मं पाखंच उघडायचं आणि संध्याकाळपर्यंत झाकायचं, ही मिस्त्रींची अट होती. ते कौलावर कसे चालतात ते बघत राहावं असं होतं. पाऊल नेहमी वाशाच्या रेषेवर, कौलाच्या मध्यावर कधीच नाही. माजघरात अंधार फार म्हणून दोन काचेची कौलं बसवली. आता दुपारी तिथे काकू दिव्याशिवाय पोथी वाचतात.

ज्यांच्या घरी यंदा हे काम आहे त्यांच्यासाठी, या सगळ्यातून मला कळलेल्या गोष्टी थोडक्यात. भाव मुद्दाम देत नाही, ते दरवर्षी बदलतात.

चौकशी फेब्रुवारीत करा. मे महिन्यात चांगला माणूस मोकळा नसतो. जो वर चढून बघत नाही त्याचा आकडा धरू नका. लाकूड, कौलं, पन्हळ, मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. उतरवलेली चांगली कौलं आणि जुनं सागवान कुणाचं, हे आधीच ठरवा. बरेच वाद तिथेच होतात. पैसे टप्प्याने द्या: सामान आल्यावर, एक पाखं झाल्यावर, आणि थोडे पहिल्या मोठ्या पावसानंतर. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही. त्याने केलेलं जुनं काम पाहायला जा, आणि तेही त्या घरातल्या बाईंना विचारा. पाण्याखाली पातेली त्याच ठेवत असतात. वर चढणाऱ्यांना दोर बांधायला लावा, ते हसले तरी. आणि शेजारी कौलारू असेल तर दोघं मिळून माणूस बोलवा. दोन घरांचं काम असलं की तो लांबूनही येतो.

काम संपलं त्या दिवशी मी मिस्त्रींना विचारलं की पुढच्या खेपेला कुणाला बोलवायचं. त्यांनी शिडी धरून उभ्या असलेल्या त्या मुलाकडे बघितलं. तो त्यांचा नातू. त्याला पुण्याच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर काम मिळतंय, महिन्याचा पगार ठरलेला. कौलांचं काम वर्षातले चार महिने. “चार महिन्यांवर घर कसं चालतंय सांगा,” मिस्त्री म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही, पण एक गोष्ट करता आली. गल्लीतल्या उरलेल्या सहा कौलारू घरांत गेलो, प्रत्येकाला काम दाखवलं. पाच जणांनी यंदा दिवाळीनंतरपासूनची तारीख दिली: लाकूडकाम आणि पन्हळी थंडीत, कौलं उन्हाळ्यात. नातवाने पुण्याला नाही म्हटलेलं नाही, पण मार्चपर्यंत थांबतो म्हणाला. तुमच्यापैकी कुणाचं घर शहापूर-वडगावच्या बाजूला असेल तर मंडळाच्या कार्यालयात निरोप ठेवा. सातवं घर मिळालं तर बरं होईल.